पाटा बसतो तेव्हा नेमके काय जाते

आमची जीप एका बाजूला कलली आहे, हे सर्वांत आधी आईच्या लक्षात आले. मे महिन्यातल्या एका रविवारी मी अंगणात जीप धुऊन उभी केली होती आणि कापडी हुडावरचे पाणी सगळीकडून निथळण्याऐवजी मागच्या उजव्या कोपऱ्यातूनच धार लागून पडत होते. अंगणालाच उतार असेल असे वाटून मी जीप उलट्या तोंडाने लावून पाहिली, तरी धार उजव्याच कोपऱ्यातून पडली.

ही जीप म्हणजे १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४०. वडिलांनी ती गगनबावड्याकडच्या आमच्या शेतासाठी घेतली होती, कारण कोल्हापूरहून येणारा मोठा रस्ता सोडल्यानंतरच्या शेवटच्या चार किलोमीटरांवर पावसाळ्यात दुसरे कोणतेही वाहन टिकत नसे. आता तिथपर्यंत डांबर पोहोचले आहे, पण जांभ्याच्या सड्यांवरून आणि तांबड्या चिखलाच्या गाडीवाटांवरून जीप हाकण्याची गोडी मला त्या चार किलोमीटरांनीच लावली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपासून चालत आलेली हिची मांडणी अगदी सरळ आहे: पुढे आणि मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल, आणि चारही चाकांवर पोलादी पाटे (लीफ स्प्रिंग), म्हणजे एकाखाली एक रचलेल्या कमानदार पट्ट्यांचे सेट; सेटलाही आणि त्यातल्या एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात. इथे पाटा केवळ धक्के सोसत नाही, तर अ‍ॅक्सलला चेसिसखाली जागेवर धरून ठेवण्याचे कामही तोच करतो. त्यामुळे पाट्यात काही बिघडले तर बसण्याच्या सुखापुरता प्रश्न राहत नाही, ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबेल की नाही इथपर्यंत तो जातो.

कलणे नजरेने ठरवू नये. चारही टायरांची हवा सारखी करून, जीप गोदामाच्या सपाट फरशीवर उभी करून मी प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. पुढच्या दोन्ही बाजूंत ४ मिलीमीटरांचा फरक होता, जो एवढ्या जुन्या गाडीत मी सोडून दिला. मागे मात्र उजवी बाजू डावीपेक्षा २८ मिलीमीटर खाली होती. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजले तर टायरचा दोषही त्यात मिसळतो, म्हणून हबपासूनच मोजावे.

आता चार वर्षे मागे जावे लागेल. तेव्हा मागचे दोन्ही पाटे बसले होते. खताची सहा पोती टाकली की रबरी बंपर अ‍ॅक्सलवर आपटत असे. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर त्यांनी जो उपाय केला तो आपल्याकडे सर्रास केला जातो: दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला. मूळ पाटे साधारण ६ मिलीमीटर जाडीचे होते आणि घातलेला पाटा, भंगारातल्या कुठल्याशा टेम्पोचा, ८ मिलीमीटरांचा होता. जीप लगेच उचलली गेली आणि मी समाधानाने पैसे देऊन घरी आलो. तो उपाय चुकीच्या दुखण्यावर होता, हे समजायला मला चार वर्षे आणि एक तुटलेला पाटा लागला.

पाटा बसला म्हणजे तो मऊ झाला, असे आपण सगळेच समजतो. दमला, ढिला पडला, त्याच्यात जीव राहिला नाही, असे शब्दही आपण वापरतो. प्रत्यक्षात पाट्याचा कडकपणा त्याची लांबी, रुंदी, जाडी, पाट्यांची संख्या आणि पोलादाचा स्वतःचा एक ठरलेला गुणधर्म यांवर अवलंबून असतो, आणि तो गुणधर्म साध्या सळईपासून उत्तम स्प्रिंग पोलादापर्यंत जवळजवळ सारखाच असतो. वय झाले म्हणून तो उतरत नाही. चांगल्या आणि सामान्य पोलादात फरक पडतो तो एवढाच की किती वाकवल्यावर ते परत सरळ न होता वाकलेलेच राहील. त्या मर्यादेच्या जवळ पाटा हजारो वेळा गेला, अधूनमधून ओझ्याने ती ओलांडली गेली, की प्रत्येक वेळी केसभर वाक कायमचा उरतो आणि वर्षांनुवर्षांत मूळची कमान सपाट होत जाते. म्हणजे पाटा बसतो तेव्हा त्याची कमान जाते. कडकपणा जिथल्या तिथेच असतो. तो खरोखर कमी होतो तो पाटा तुटल्यावर किंवा गंजाने जाडी खाल्ल्यावर. जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो, त्यामुळे ६ मिलीमीटरांचा पाटा झिजून साडेपाचाचा झाला तरी त्याचा जवळपास चौथा हिस्सा कडकपणा निघून जातो. गगनबावड्यासारख्या पावसाच्या प्रदेशात ही गोष्ट विसरून चालत नाही.

याच घनाच्या हिशेबाने तो ८ मिलीमीटरांचा एक पाटा ६ मिलीमीटरांच्या दोन पाट्यांहूनही भारी पडतो. जीप उचलली गेली ती कमान परत आल्यामुळे नव्हे, तर सगळा सेटच कडक झाल्यामुळे तो पूर्वीइतका दबला नाही म्हणून. उंची दिसायला बरोबर आली, आणि म्हणूनच हा उपाय फसवतो. किंमत मोजावी लागली ती रस्ता सोडल्यावर. आमच्या शेताच्या वर जांभ्याच्या कातळात गुडघाभर उंचीची एक तिरपी पायरी आहे. पूर्वी जीप ती पायरी चढताना मागचे एक चाक वर जाई, दुसरे पाट्यासह खाली लोंबून जमिनीला चिकटून राही आणि जीप सावकाश वर येई. जादा पाटा घातल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात उजवे चाक हवेत राहून गरागरा फिरू लागले. माझ्या जीपच्या डिफरेन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला, लॉक नाही, त्यामुळे मागचे एक चाक हवेत गेले की मागे येणारी ताकद त्याच चाकातून वाया जाते. मी दोष टायरला दिला आणि नवे टायर घेतले. चाके तरीही हवेतच फिरत राहिली.

मे महिन्यातल्या त्या रविवारनंतर मी मागचे दोन्ही सेट उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेऊन गेलो. तिथे पाट्यांचेच काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांच्या आजोबांनी टांग्यांच्या कमानी बसवल्या होत्या. त्यांनी सेट शिकंज्यात घट्ट दाबून धरला, मगच सगळे पाटे मधोमध एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट कापला आणि शिकंजा वळशावळशाने सैल केला. हे मुद्दाम लिहितो, कारण सेंटर बोल्ट उघडला की आवळलेले पाटे उसळून उघडतात आणि घरी हे काम करताना हाताची बोटे गमावलेली माणसे आहेत. पाटे सुटे झाले तशी त्यांच्यामधून तांबडी भुकटी खाली पडली; चिखल आणि गंज एकमेकांत इतके मिसळले होते की कुठला कुठला ते सांगता येईना. प्रत्येक पाट्याच्या खालच्या अंगाला, जिथे त्याच्याहून आखूड पाट्याचे टोक टेकते, तिथे नखाला लागेल एवढी चकाकती खाच पडलेली होती.

उजव्या सेटमधला तो ८ मिलीमीटरांचा पाटा मधोमध तुटलेला निघाला. सेटला खालच्या दांड्याशी आवळणाऱ्या यू बोल्टांनी दोन्ही तुकडे इतके आवळून धरले होते की खालून पाहताना काहीच दिसले नव्हते. मिस्त्रींनी तुटलेले तोंड कापडाने पुसून मला दाखवले. सेंटर बोल्टचे भोक ड्रिलने न पाडता गॅसने जाळून पाडलेले होते, त्याच्या कडा ओबडधोबड होत्या, आणि एका कडेपासून निघालेली जुनी चीर काळपट तांबूस रंगाची होऊन पाट्याच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत गेली होती. उरलेला निम्मा भाग ताज्या तुटीचा, करड्या दाण्यांचा होता. सेंटर बोल्टच्या भोकापाशी पाट्याचा छेद आधीच कमी होतो आणि ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. शिवाय सारख्याच वाकण्यात जाड पाट्याच्या पृष्ठभागावर पातळ पाट्यापेक्षा जास्त ताण येतो. त्यातच गॅसने जाळलेली कड असेल तर तो पाटा तुटणार हे ठरलेलेच होते. पाट्याला गॅस किंवा वेल्डिंग कधीही लावू देऊ नये, ही गोष्ट मी त्या दिवसापासून प्रत्येक जीपवाल्याला सांगतो.

जीप कलण्याचे कारण सापडले होते: उजवा जादा पाटा तुटून ती बाजू आपल्या मूळ उंचीवर आली होती आणि डावी अजून उचललेलीच होती. मूळ पाट्यांचे दुखणे मात्र चार वर्षांपूर्वी होते तसेच होते. मिस्त्री म्हणाले, “साहेब, तुमी पाट्याला पाटा जोडत गेलासा, पर ह्याची कमान कुणी बघितलीच न्हाई.”

त्यांच्याकडे त्याच मापाचा नवा सेट होता. मुख्य पाट्याच्या दोन टोकांच्या वळशांमध्ये दोरी ताणून दोरीपासून पाट्यापर्यंतची खोली मोजली की मोकळ्या सेटची कमान कळते. माझे जुने सेट, जादा पाटे काढून पुन्हा बांधल्यावर, नव्यापेक्षा ४० आणि ४३ मिलीमीटरांनी कमी भरले. मग मी त्यांना एक विनंती केली आणि त्यांनी ती कौतुकाने मान्य केली. हायड्रॉलिक प्रेसवर दोन गोल रुळांवर सेटची टोके टेकवून त्यांनी आधी नवा आणि मग जुना सेट मधोमध ५० मिलीमीटर दाबला आणि दोन्ही वेळा प्रेसच्या दाबमापकाचा काटा कुठे येतो ते मी खडूने काचेवर खूण करून ठेवले. दोन खुणांमध्ये काट्याच्या जाडीएवढेही अंतर नव्हते. तीस वर्षे ओझी वाहिलेला पाटा नव्याइतकाच कडक होता. कॅलिपरने मोजलेली जाडीही जेमतेम दशांश एक मिलीमीटरने उतरली होती. एखादी गोष्ट वाचून पटणे आणि डोळ्यांसमोर काट्याने दाखवणे यांत किती अंतर असते, ते मला तिथे उभे राहून समजले.

कमानच गेली असेल तर तीच परत चढवावी, हा विचार साहजिक आहे आणि मिस्त्री ते काम करतातही. पाटा थंडच ठेवून, पोकळ ऐरणीवर आतली बाजू वर करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटभर अंतराने घणाचे ठोके देत नेले की कमान वाढत जाते. काम पाहायला सुंदर आहे; प्रत्येक ठोक्यानंतर ते पाटा शेजारच्या पाट्यावर टेकवून मधली फट बघत. मात्र ही कमान किती दिवस टिकते, असे विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की शेतीच्या गाडीला एक-दोन हंगाम, त्याहून जास्त नाही.

याचे कारण पोलादाच्या आत आहे. गाडीचे ओझे पाट्याला सपाट करू पाहते, त्यामुळे वरच्या, आतल्या बाजूच्या पृष्ठभागावर ओढ येते. कारखान्यात नवा पाटा तयार झाला की त्याला नेहमीच्या ओझ्यापेक्षा जास्त दाबून मुद्दाम थोडासा बसू देतात. तो दाब काढल्यावर वरच्या पृष्ठभागात कायमचा दाब शिल्लक राहतो आणि पुढे गाडीचे ओझे आले की त्या ओढीचा काही भाग आधीच फिटलेला असतो. पाट्यावर लोखंडी गोळ्यांचा मारा करतात तोही याच हेतूने. थंड पाट्यावर घण घालून कमान चढवताना आपण त्याला नेमके उलट्या दिशेने वाकवतो, त्यामुळे वरच्या पृष्ठभागात दाबाऐवजी ओढ शिल्लक राहते. ओझे आले की तिच्यात आणखी ओढ मिळते, आणि उलट्या दिशेने एकदा वाकवलेले पोलाद मूळ दिशेने लवकर नमते, हाही त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे चढवलेली कमान पहिल्यापेक्षा लवकर उतरते.

पाटा तापवून कमान देणे हा दुसरा मार्ग आहे आणि तो रीतसर केला तर पाटा जवळपास नव्यासारखा होतो. रीतसर म्हणजे संपूर्ण पाटा एकसारखा साधारण ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, आकार द्यायचा, तेलात विझवायचा आणि मग पुन्हा साधारण ४५० ते ५०० अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. लोहाराच्या भात्यावर पाट्याचा वीतभर भागच लाल होतो, त्याच्या दोन्ही कडांना पोलाद मऊ पडते, जास्त वेळ निखाऱ्यात राहिले तर पृष्ठभागावरचे कार्बन जळून जाते आणि पाणी किती दिले गेले हे कुणालाच सांगता येत नाही. मिस्त्रींनी तापवण्याचे काम केव्हाच सोडले आहे. ते म्हणाले, “भट्टी चांगली नसंल तर आगीत घातलेला पाटा पाटा ऱ्हात न्हाई, पट्टी हुती.”

लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चेसिसला झुलते जोडणारी पट्टी) बसवून उंची वाढवण्याचा सल्लाही मला दोघांनी दिला. शॅकल दोन इंच लांब केला तर अ‍ॅक्सलपाशी एकच इंच मिळतो, आणि माझ्या जीपमध्ये पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्यामुळे तो लांब केला की पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक वळण्याच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भटकू लागते. बसलेला पाटा त्याने तसाच राहतो. मी त्या वाटेला गेलो नाही.

शेवटी नवी जोडी घेतली. खर्च कमान चढवण्याच्या तिपटीहून अधिक झाला, पण मला तो योग्य वाटतो. पाटे नेहमी एका अ‍ॅक्सलचे जोडीने बदलावेत आणि मागणी देताना गाडीचे नाव सांगून थांबू नये. दोन्ही वळशांमधली लांबी, स्थिर टोकापासून सेंटर बोल्टपर्यंतचे अंतर (ते नेहमी निम्मे असतेच असे नाही), पाट्यांची रुंदी, संख्या आणि प्रत्येकाची जाडी, बुशचा (टोकाच्या वळशात बसणाऱ्या रबरी नळीचा) व्यास आणि मोकळ्या सेटची कमान एवढे कागदावर लिहून द्यावे. “जरा जड पाटा द्या” ही मागणी करण्याचा मोह मला झाला होता; जांभ्याच्या पायरीची आठवण ठेवून मी मूळ जाडीच घेतली.

बसवताना चेसिस लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) आणि अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर घेतला, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर ओढ येत नाही. यू बोल्ट जुने वापरले नाहीत, कारण एकदा ताणून आवळलेला यू बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. ते एकदम न आवळता कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे आवळले. सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसले आहे ना, हे बोटाने चाचपून पाहिले; ते बसले नाही तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. रबरी बुशांचे बोल्ट मात्र हातानेच लावून ठेवले आणि चाके जमिनीवर येऊन जीप आपल्या वजनावर बसल्यावरच पूर्ण आवळले. हवेत लोंबत असताना ते आवळले तर रबर त्याच स्थितीत अडकते, गाडी खाली आल्यावर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

पाट्यांमध्ये ग्रीस भरावे की नाही यावर जुन्या लोकांचे एकमत नाही. माझे मत आमच्या मातीवरून बनले आहे. तांबडी माती ग्रीसला चिकटली की तिची खरड तयार होते आणि पाटे घासले जातात. म्हणून मी सुटे पाटे रंगवून, पूर्ण वाळवून मग सेट बांधून घेतला आणि प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर पाण्याच्या जोराने फटी धुतो.

त्याच आठवड्यात मी मागची वजनेही उतरवली. दोन भरलेले वीस लिटरचे डिझेल कॅन, ज्यांतले डिझेलच मिळून तेहतीस किलोंच्या आसपास भरते, हत्यारांची पेटी, आणि वडिलांच्या वेळेपासून सीटखाली पडून असलेला जुना लोखंडी नांगराचा फाळ, हे सगळे वर्षाचे बारा महिने त्या पाट्यांवर होते. अधूनमधून येणाऱ्या पोत्यांपेक्षा कधीच न उतरणारे ओझे पाट्याला जास्त बसवते, कारण त्याच्या तळावरूनच प्रत्येक खड्ड्याचा धक्का सुरू होतो.

पाचशे किलोमीटरांनंतर यू बोल्ट पुन्हा तपासले तर चारपैकी तीन पाव वळसा फिरले. हजार किलोमीटरांनंतर दोन्ही बाजू ९ मिलीमीटरांनी खाली आल्या आणि तिथेच थांबल्या. नवा पाटा एवढा बसतोच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डाव्या-उजव्यातला फरक आता २ मिलीमीटरांचा आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भर पावसात जीप घेऊन मी त्या जांभ्याच्या पायरीशी गेलो, पहिला गिअर लो रेंजमध्ये टाकला आणि खाली उतरलेल्या भावाला मागच्या चाकाकडे बघायला सांगितले. उजवे चाक पाट्यासह खाली लोंबले, क्षणभर कातळावर घसरले आणि चिकटले. भावाने हात वर केला आणि जीप पायरी चढून वर आली.

जुन्या सेटमधले मुख्य पाटे मी सुटे भाग म्हणून गोदामात तेल लावून ठेवले आहेत. तो तुटलेला ८ मिलीमीटरांचा पाटा गावातल्या लोहाराने मागून नेला. त्याचे दोन कोयते झाले आणि यंदाच्या ऊसतोडीला त्यांतला एक आमच्याच शेतात आला.